कोव्हॅक्स मार्क-२: हिमनदीतून गाभा काढायचं हातगिरमिट, घेण्याआधी आणि घेतल्यावर

हिमनदीच्या वरच्या अंगाला, जिथे दरसाल पडलेलं हिम पुरतं वितळत नाही आणि थरावर थर साठत जातो, तिथून नऊ सेंटिमीटर व्यासाचा सलग दंडगोल, म्हणजेच गाभा, बाहेर काढून देणं एवढंच या अवजाराचं काम. कोव्हॅक्स ही अमेरिकी कंपनी, आणि तिचं मार्क-२ हे मॉडेल समुद्रबर्फावर काम करणाऱ्यांच्या सामानात हमखास दिसतं. समुद्रबर्फाला दोन-तीन मीटरचं भोक पुरतं. हिमनदीवर मात्र त्याच गिरमिटाकडून दहा-बारा मीटरची अपेक्षा असते, आणि तीही पाच हजार मीटर उंचीवर, जिथे माणसाला स्वतःचा श्वासच पुरत नाही. म्हणून हे परीक्षण फक्त हिमनदीवरच्या वापराचं आहे, आणि त्यातही हिमालय डोळ्यासमोर ठेवून केलेलं.

आधी निकाल. दोन ते बारा मीटर खोलीच्या, कोरड्या आणि शून्याखालच्या फर्नमध्ये (फर्न म्हणजे निदान एक उन्हाळा काढून मुरलेलं हिम) हे गिरमिट उत्तम चालतं. वरचा मीटर-दीड मीटर ताजं, भुसभुशीत हिम असेल तर तिथे ते लावूच नये. उन्हाने पाणी सुटलेल्या बर्फात लावलं तर अडकणारच. आणि वीस मीटरच्या खाली जायचं असेल, तर हातगिरमिटाचा विचार सोडून दुसऱ्या यंत्राकडे वळावं.

मुळात हा घाट जुना. अमेरिकी लष्कराच्या हिम, बर्फ आणि गोठलेल्या जमिनीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने, म्हणजे 'सिप्रे'ने, तीन इंची गाभा काढणारं गिरमिट रूढ केलं. आजही त्या प्रकाराला सिप्रे ऑगरच म्हणतात. पुढे 'पिको' या ध्रुवीय ड्रिलिंग कार्यालयाने १९८० च्या दशकात हलकं रूप आणलं. मार्क-२ त्याच घराण्यातलं. मोठा फरक नळीत आहे. सिप्रेची नळी पोलादी, ही फायबरग्लासची. वजन कमी होतं हा फायदा उघडच आहे, पण खरा फायदा उष्णतेचा. धातूची नळी उन्हात पटकन तापते आणि ती ऊब भोकात घेऊन जाते. फायबरग्लास तेवढी ऊब वाहून नेत नाही. पुढे अडकण्याचा विषय येईल, तेव्हा याचं मोल कळेल.

डोकं जवळून पाहताना

नळी आडवी ठेवून तिचं खालचं तोंड बघा. कडेला धातूचं कंकण, त्यावर समोरासमोर बोल्टने बसवलेली दोन पाती. फिरताना ती गोल चर कापत खाली जातात, मधला बर्फ न दुखावता नळीत वर सरकतो आणि कापलेला किस बाहेरच्या आट्यांवरून वर चढतो. कंकणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेले खटके आहेत. त्यांना 'कोअर डॉग' म्हणतात. गिरमिट खाली जात असताना गाभा त्यांना मागे दाबून पुढे सरकतो. वर ओढायला लागलं की त्यांची टोकं गाभ्यात रुततात, गाभा तळाशी कडकन मोडतो आणि नळीबरोबर वर येतो.

बाकी सगळं शाबूत असून हा नखाएवढा खटका बिघडला, तर दिवसाचं काम बुडतं. स्प्रिंगच्या खाचेत किस शिरून गोठला की खटका मागेच अडकून बसतो. गिरमिट वर येतं, नळी रिकामी असते आणि मोडलेला गाभा भोकाच्या तळाशी पडून राहतो. त्यामुळे दर खेपेला नळी खाली सोडण्याआधी लाकडी काडीने खटका दाबून सोडायचा आणि 'टिक' आवाज येतो का ते ऐकायचं. बोट घालायचं नाही. पात्यांची धार हातमोजा सहज चिरते.

गाभा बाहेर काढतानाही खालच्या तोंडाने ओढायचा नाही, कारण खटके आडवे येतात. वरची पिन काढून माथा सुटा करायचा आणि गाभा वरच्या बाजूने घसरत येऊ द्यायचा. म्हणजे जे टोक आधी बाहेर येतं ते वरचं. त्यावर लगेच बाण काढा. दोन गाभे उलटसुलट झाले तर प्रयोगशाळेत ते ओळखायला फार वेळ लागतो, आणि दरवेळी ओळखू येतातच असं नाही.

गाभा घ्यायला कंपनीची पन्हळ मागवायची गरज नाही. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरला की सव्वा मीटरची पन्हळ तयार होते. नऊ सेंटिमीटरचा गाभा तिच्यात नीट बसतो, गडगडत नाही. आतल्या कडेला मोजपट्टी चिकटवून टाका.

पात्यांची धार

धार गेली आहे का, हे पातं न बघताही कळतं. किस बघा. धारदार पात्यांचा किस जाड, दाणेदार, ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखा पडतो. बोथट पात्यांचा पिठासारखा. पीठ आट्यांवर चढत नाही, दाबलं जातं आणि गच्च बसतं. बोथट पात्यांवर माणूस जोर देतो, जोर दिला की गाभ्याला हिसके बसतात, आणि मग सलग दंडगोलाऐवजी चकत्यांची चळत हाती येते.

हिमालयात हा प्रश्न ध्रुवांपेक्षा फार जास्त. इथल्या हिमनद्यांवर कड्यांवरून सुटलेली धूळ, वाळू, कधी खडा असतो. एका खड्यावर धार गेली की ती जोडी त्या दिवसापुरती संपली. सुट्या पात्यांच्या निदान दोन जोड्या बरोबर हव्यात, आणि बदलताना जोडीच बदलावी. एक नवं आणि एक जुनं पातं लावलं की कापण्याचा भार एकाच बाजूला येतो, गिरमिट डगडगतं, भोक वाकडं जातं. सुटे भाग परदेशातून येतात, तेव्हा मोहिमेच्या महिनाभर आधी मागवून भागत नाही. जादा दांडे (खोली वाढेल तसे नळीच्या वर जोडत जायचे ते) घेण्याआधी जादा पाती घ्या, असं ठामपणे सांगावंसं वाटतं. दांडे कमी पडले तर दोन मीटर कमी खोल जाल, पाती संपली तर एकही मीटर जाणार नाही.

सुरुवात खड्ड्यापासून

ताज्या हिमात खटक्यांना रुतायला काही नसतं. उचललं की नळीतलं हिम साखरेसारखं ओघळून जातं. थराच्या तळाशी बनणारे मोठे, सुटे स्फटिक तर अजिबात टिकत नाहीत. म्हणून वरचा दीड मीटर फावड्याने खणायचा. एक भिंत सावलीत राहील अशी ठेवायची आणि त्या बाजूच्या हिमावर कोणी पाय ठेवायचा नाही. त्या भिंतीवर दर दहा सेंटिमीटरला ठरावीक घनफळाचा कटर आडवा सारून नमुना घ्यायचा आणि तोलायचा. घनतेची पहिली नोंद तिथून येते.

मग गिरमिट खड्ड्याच्या तळाशी लावायचं, पण भिंत संपते तिथून नव्हे. तळाच्या बाजूला वीस-तीस सेंटिमीटर उंचीची पायरी राखून तिच्यावरून सुरू करायचं, म्हणजे तेवढी पट्टी कटरनेही मोजली जाते आणि गाभ्यानेही. दोन्ही घनता जुळल्या तर पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. नाही जुळल्या तर चूक तिथल्या तिथे सापडते. काटा चुकतोय, व्यास चुकतोय किंवा कटर भरून येत नाही, यापैकी एक असतं.

पहिले तीस सेंटिमीटर अजिबात जोर न देता, गिरमिट उभं धरून फिरवायचे. भोक जरा तिरपं गेलं तर खोलीचा आकडा फार बिघडत नाही. पाच अंश कलाला अर्धा टक्काही फरक पडत नाही, दहा अंशांना दीड टक्का. पण दांडे मात्र भोकाच्या कडेला घासायला लागतात आणि सहा-सात मीटरनंतर फिरवणं जड होतं. त्रास तिथे आहे.

खेप किती लांब घ्यावी

नळी एक मीटरची आहे म्हणून खेप मीटरची घ्यायची, हा सर्वांत महागात पडणारा समज. फर्नमध्ये ऐंशी सेंटिमीटर, बर्फ लागला की साठ-सत्तर. कापलेल्या बर्फाचा किस मूळ बर्फापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांवर जागा संपली की तो नळीच्या माथ्यावर साचतो, आणि वर ओढताना तोच किस पाचरीसारखा भोकात दाटतो.

खेपेचा हिशेब दांड्यांच्या ये-जेवर बसवा. दर खेपेला सगळी लांबी वर काढून जोड सोडवावे लागतात, परत जोडून खाली सोडावी लागते. मीटर-मीटरच्या खेपांनी दहा मीटर गाठताना एकूण ११० मीटर दांडे वरखाली होतात. वीस मीटर गाठताना ४२० मीटर. खोली दुप्पट, कष्ट जवळपास चौपट. पाच मीटरपर्यंत दोन माणसं भागवतात, त्यापुढे तिसरा हवा, कारण एकाचे दोन्ही हात दांडे धरण्यातच गुंततात. बर्फात सत्तर सेंटिमीटर लांब गाभा चार किलोचा असतो, त्यात दांड्यांचं आणि नळीचं वजन, शिवाय किस घासतो तो वेगळा. अमेरिकी आइस ड्रिलिंग प्रोग्रॅमकडे हातगिरमिट चाळीस मीटरपर्यंत न्यायला 'साइडवाइंडर' नावाची मोटरवर चालणारी उचलयंत्रणा आहे. नुसत्या हातांची हद्द तेही वीसच्या आसपासच धरतात.

जोडाची पिन हातातून सुटली तर हिमात परत मिळत नाही. पिनांना लाल दोरा बांधा आणि जादा डझनभर ठेवा. त्याहून मोठा धोका म्हणजे जोड सोडवताना खालची लांबी भोकात निसटणं. खाच पाडलेली एक जाड फळी भोकावर आडवी ठेवायची, दांडा तिच्या खाचेत बसवायचा आणि जोडाखालचा कडा फळीवर टेकला आहे याची खात्री झाल्यावरच पिन काढायची. सामानात ही फळी नसेल तर सुताराकडून करून घ्या.

अडकतं का आणि सोडवायचं कसं

अडकण्याची तीन कारणं, आणि तिन्ही टाळता येणारी.

पहिलं म्हणजे ऊब. तासभर उन्हात पडलेली नळी उणे आठ अंशांच्या फर्नमध्ये घातली, तर संपर्काचा थर किंचित वितळतो आणि दोन-चार मिनिटांत गोठतो. बर्फाने नळीला डिंक लावल्यासारखं होतं. उपाय साधा आहे. काम सुरू करण्याआधी नळी आणि पहिले दोन दांडे सावलीत, हिमात अर्धे पुरून अर्धा तास ठेवायचे. दोन खेपांच्या मध्ये नळी उन्हात टाकायची नाही. हिमालयात तर काम पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी उरकावं. दुपारी वरच्या थरातून झिरपलेलं पाणी भोकात उतरतं आणि तळाच्या थंड बर्फावर गोठतं.

दुसरं कारण हाव, म्हणजे लांब खेप. ते वर आलंच.

तिसरं, थांबणं. गिरमिट भोकात ठेवून नोंदवही लिहायला किंवा चहा प्यायला थांबायचं नाही. थांबायचं असेल तर आधी वर काढायचं.

तरीही अडकलंच, तर उलटं फिरवू नका. उलट्या फेऱ्यांनी आट्यांवरचा सगळा किस खाली पडतो आणि पात्यांभोवती दाटतो. खालचा जोर पूर्ण काढून सुलटं फिरवत राहा आणि त्याच वेळी हलके वरच्या बाजूला झटके द्या. बहुतेक वेळा एवढ्याने सुटतं. नाहीच सुटलं तर शेवटचा उपाय अल्कोहोल. अर्धा लिटर इथेनॉल दांड्याच्या कडेने ओतून थांबायचं, मग परत सुलटं फिरवायचं. गरम पाणी कधीही नको. ते काही मिनिटांत गोठून गिरमिट कायमचं तिथेच ठेवेल.

पण अल्कोहोल ओतलं की त्या भोकातले पुढचे नमुने बाधित होतात. पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांचं (म्हणजे त्यांच्या हलक्या-जड अणूंचं) प्रमाण आता बहुतेक ठिकाणी लेझर उपकरणावर मोजतात, आणि त्या उपकरणाला थोडं अल्कोहोलही चकवतं. आकडा येतो, दिसायला नीट असतो आणि चुकीचा असतो. तेव्हा किती खोलीवर, किती ओतलं ते नोंदवहीत ठळक लिहा. रसायन महत्त्वाचं असेल तर दोन-तीन मीटर सरकून नवं भोक घ्या.

काटा, पट्टी आणि नोंदवही

गिरमिटाची किंमत मोजायची ती त्यातून निघणाऱ्या आकड्यांनी. नऊ सेंटिमीटर व्यासाच्या गाभ्याच्या छेदाचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. समजा, गाभा ९६ सेंटिमीटर लांब भरला आणि वजन ३.३६ किलो आलं. घनफळ ६,१०७ घनसेंटिमीटर, म्हणून घनता ०.५५. हे सगळं वितळवलं तर ५२८ मिलिमीटर पाणी. हिमनदीचा जमाखर्च, म्हणजे वर्षभरात किती साठलं आणि किती गेलं, याच आकड्यावर चालतो.

इथे एक जवळची वाट आहे. वजनाला थेट क्षेत्रफळाने भागलं तरी तेच पाणी मिळतं, लांबी लागतच नाही. ६.३६ ग्रॅम म्हणजे एक मिलिमीटर पाणी. म्हणजे गाभ्याचे तुकडे झाले, टोकं ओबडधोबड मोडली, तरी सगळे तुकडे हाती असतील तर पाण्याचा आकडा सुरक्षित राहतो. हीच युक्ती जुन्या हिममोजणीच्या नळीत आहे. नेव्हाडातल्या माउंट रोझवर जेम्स चर्च यांनी सुरू केलेल्या पद्धतीतून जी 'फेडरल' नळी आली, तिचं तोंड १.४८५ इंच व्यासाचं ठेवलेलं आहे, कारण तेवढ्या व्यासात एक औंस वजन म्हणजे एक इंच पाणी भरतं. हिशेब नळीच्या तोंडातच बसवून टाकला.

यात खरा शत्रू व्यास. व्यास एक मिलिमीटर चुकला तर घनता सव्वादोन टक्के चुकते. म्हणून कॅटलॉगातला नऊचा आकडा धरून बसायचं नाही. कॅलिपरने प्रत्येक गाभा तीन ठिकाणी मोजायचा. बोथट पाती, डगडगतं गिरमिट, भुसभुशीत थर, कशानेही गाभा बारीक होतो. लांबीच्या एका सेंटिमीटरची चूक पूर्ण मीटरवर एक टक्का, पण पंचवीस सेंटिमीटरच्या तुकड्यावर चार टक्के. त्यामुळे छोट्या तुकड्यांची घनता एकेकटी काढण्यापेक्षा जुळणारे तुकडे एकत्र तोलावेत.

दोन खोल्या वेगवेगळ्या लिहाव्यात, भोकाची आणि गाभ्याची. दर खेपेनंतर भोकात फीत सोडून खोली मोजायची. ऐंशी सेंटिमीटर खाली जाऊन गाभा सत्त्याहत्तरच आला, असं नेहमी होतं. तीन सेंटिमीटर चुरा झाले किंवा तळाशी राहिले. फक्त गाभ्यांच्या लांब्या जोडत गेलात तर दहा खेपांत तीस सेंटिमीटरची तूट पडते, आणि मग २०१९ चा थर २०२० च्या नावावर लागतो.

इलेक्ट्रॉनिक काटा थंडीत भरकटतो. पाण्याची एक लिटरची बंद बाटली घरीच तोलून ठेवा आणि दर तासाला काट्यावर ठेवून बघा. पाणी गोठलं तरी वजन तेच. वारा असेल तर काटा खोक्यात ठेवा. टांगायचा स्प्रिंगकाटा वाऱ्यात निरुपयोगी आहे.

थर ओळखणं

जमाखर्चासाठी मागच्या उन्हाळ्याचा पृष्ठभाग सापडला की काम झालं. तो धुळकट पट्टी किंवा वितळून गोठलेल्या बर्फाची काच म्हणून दिसतो. पण एका हंगामात अशा दोन-तीन काचा होऊ शकतात, मग कोणती खरी? सर्वांत भरवशाची पद्धत जुनीच आहे. मोसमाच्या शेवटी खुणेच्या काठीभोवती लाकडाचा भुसा पसरून ठेवायचा. पुढच्या वर्षी गाभ्यात भुशाचा थर आला की वादच संपतो.

काचेचे थर कापताना आवाज बदलतो. फर्नमध्ये खरखर, काचेवर किरकिर. तिथे जोर वाढवायचा मोह होतो, तो आवरा. फेऱ्या वाढवा, जोर नको.

दहा मीटरच्या गाभ्यात किती वर्षं मिळतील, हे जागेवर ठरतं. हिमालयात वर्षाला मीटरभर पाणी साठत असेल आणि सरासरी घनता ०.६ असेल तर सहा वर्षं. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर, जिथे वर्षाला तीनेक सेंटिमीटर पाण्याएवढंच हिम पडतं, तिथे त्याच दहा मीटरमध्ये सव्वाशे वर्षं. आणि २०१९ मध्ये एव्हरेस्टच्या साउथ कोल या खिंडीत ८,०२० मीटर उंचीवर काढलेल्या दहा मीटर गाभ्याने तिसरंच सांगितलं. तिथलं वरचं हिम आणि फर्न निघून गेलेलं आहे, आणि पृष्ठभागाला आलेला बर्फच सुमारे २,००० वर्षांचा निघाला. कैलास-मानसरोवराजवळच्या नैमोनान्यी हिमनदीच्या गाभ्यात १९६३ च्या सुमाराच्या अणुचाचण्यांची किरणोत्सारी खूण सापडलीच नाही, कारण तो काळ ज्या थरांत होता ते थरच उरले नव्हते. आपण कापतो आहोत तो थर कोणत्या काळाचा आहे, हे गिरमिट सांगत नाही. वर्षं मोजण्याआधी खूण शोधावी लागते.

मोटर लावावी का

माथ्याला अडॅप्टर लावून कॉर्डलेस ड्रिलने हे गिरमिट फिरवता येतं आणि आठ मीटरपर्यंत वेळ निम्म्यावर येतो. ड्रिल कमी गतीचं आणि जास्त पिळाचं हवं, बाजूची मूठ असलेलंच हवं. काचेच्या थरात पाती एकदम अडकली की सगळा पीळ मनगटावर येतो. बॅटऱ्या अंगातल्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्यांची ताकद झपाट्याने उतरते. पेट्रोलचं इंजिन मात्र नको. काजळी मोजायला आणलेल्या गाभ्यावर इंजिनाचा धूर बसला तर मोजणार काय?

गाभा खाली आणताना

नऊ सेंटिमीटर घ्यावा की सव्वासात सेंटिमीटरचा मार्क-३? वजनाने धाकटा मोहात पाडतो. पण रसायनासाठी गाभ्याचा बाहेरचा निदान एक सेंटिमीटर खरवडून टाकावा लागतो. नऊचा खरवडल्यावर ६० टक्के उरतो, सव्वासातचा ५२. पाच सेंटिमीटरच्या चकतीतून ०.५५ घनतेला पहिल्यात शंभराहून जास्त मिलिलिटर पाणी मिळतं, दुसऱ्यात साठच्या आत. समस्थानिकं, क्षार आणि फेरतपासणीसाठी राखीव, असं तिन्ही हवं असेल तर नऊच घ्या. फक्त घनता आणि पाण्याचा हिशेब हवा असेल तर धाकट्याने भागेल आणि पोर्टरचे कष्ट वाचतील.

आपल्याकडचा सर्वांत अवघड भाग वाहतुकीचा आहे. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे, तिथे उणे २० अंशांची गाभा-प्रयोगशाळा आहे. त्याच केंद्राचं 'हिमांश' हे ठाणं २०१६ पासून लाहौल-स्पितीत, १३,५०० फुटांच्या वर आहे, आणि तिथून चंद्रा खोऱ्यातल्या सुत्री ढाका, बातल, समुद्र टापू, बडा शिग्री अशा हिमनद्यांवर काम चालतं. स्पितीचा कोरडा गारठा एका टोकाला आणि वास्कोची दमट हवा दुसऱ्या टोकाला, मधली शीतसाखळी एका रात्रीपुरती जरी तुटली तरी नमुना गेला.

अर्धवट वितळलेला गाभा पूर्ण वितळलेल्या गाभ्यापेक्षा वाईट. बर्फातले क्षार दाण्यांच्या कडांवर असतात आणि पहिल्या पाण्याबरोबरच बहुतेक निघून जातात. पाणी खाली ओघळतं, पुन्हा गोठतं, आणि वरचा थर स्वच्छ तर खालचा खारट दिसायला लागतो. पावसाळ्यातलं आणि हिवाळ्यातलं, दोन्ही हिशेब त्यात बुडतात. शीतपेटीची शंभर टक्के खात्री नसेल तर तळावरच गाभ्याचे पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे करा, स्वच्छ पिशवीत सीलबंद करून पूर्ण वितळू द्या, हलवा, आणि जाड प्लास्टिकच्या बाटल्यांत काठोकाठ भरा. बाटलीत हवा राहिली तर पाणी वाफेच्या रूपाने तिच्यात जातं, हलके रेणू आधी जातात आणि समस्थानिकांचं गुणोत्तर सरकतं. समस्थानिकांच्या बाटल्या गोठवायची गरज नाही, झाकण मात्र पॅराफिनच्या पट्टीने गुंडाळा. थरांची रचना, स्फटिक, बुडबुडे बघायचे असतील तरच गोठलेला गाभा गोव्यापर्यंत नेण्याचा खटाटोप करावा.

कोणी घेऊ नये

खालच्या अंगाला, जिथे नुसतं वितळणं मोजायचं आहे, तिथे गाभ्याची गरजच नाही. बांबूच्या काठ्या आठ-दहा मीटर खोल रोवायच्या असतील तर वाफेवर चालणारं ड्रिल घ्या. ते गाभा देत नाही, पण बर्फात झरझर उतरतं. एका हिवाळ्याचं हिम मोजायचं असेल तर खड्डा आणि फेडरल नळी पुरे. आणि शेकडो मीटरचे, हजारो वर्षांचे गाभे हवे असतील तर केबलवर सोडायचं विद्युत ड्रिल, तंबू, जनरेटर आणि पूर्ण चमू लागतो. अंटार्क्टिकातल्या डोम सीवर ३,२७० मीटर खोल जाऊन आठ लाख वर्षांचा बर्फ काढला तो त्या वाटेने.

मार्क-२ घ्यायचं ठरलं तर यादी अशी लिहा: एक नळी, हव्या खोलीपेक्षा दोन मीटर जास्त दांडे, टी-आकाराची मूठ, मोटरचा अडॅप्टर, पात्यांच्या दोन जादा जोड्या, खटके आणि त्यांच्या स्प्रिंगचा एक जादा संच, डझनभर पिना, पात्यांच्या बोल्टला बसणारी ॲलन की दोन. दोन अशासाठी की एक हमखास हिमात जाते. काटा, कॅलिपर, खाचेची फळी आणि पीव्हीसीची पन्हळ इथेच करून घ्या.

गाभा काढून झाल्यावर भोक रिकामं सोडू नका. खुणा केलेली बांबूची काठी त्यात उभी करा, भोवती किस ठासून भरा, काठीची वर उरलेली लांबी मोजून लिहा आणि पायाशी भुसा पसरा.